करवीर नगरीची मूक साक्ष : टाऊन हॉल वस्तुसंग्रहालय

श्री महालक्ष्मीचे दर्शन घेतल्यावर भाविकांनी कोल्हापूरचे टाऊन हॉल वस्तुसंग्रहालय अवश्य पाहावे. करवीर नगरीचे प्राचीनत्व पुराणांत वर्णिलेले आहे. येथे त्याचे प्रत्यक्ष पुरावे दिसतात. १९४५-४६ मध्ये पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर डॉ. सांकलिया व डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले व सातवाहनकालीन वसाहत उजेडात आली. ब्रह्मपुरीतच मिळालेली ग्रीक सागरदेव पोसायडनची लहानशी ब्राँझ मूर्ती या संग्रहात आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या नगरीचे धागे समुद्रापलीकडील रोमन जगाशी जुळले होते, याची ती साक्ष होय. ती मोडीत वितळली असती, तर ही साक्ष कायमची लोपली असती. म्हणून घरातील जुने ताम्रपट, मूर्ती वा हस्तलिखिते मोडीत न घालता जाणकारांस दाखवावीत. वारसा जपणे हेही पुण्यकर्मच आहे.