आकाशवाणीच्या सुरावटीपासून सिंफनीपर्यंत : वर्गात ध्वनिमुद्रण ऐकताना



आजचा पाठ पुस्तकातला नाही. कलाशिक्षणाच्या तासाला माझ्या वर्गात जे घडलं, त्यातून तो तयार झाला. विषय आहे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रणं, म्हणजेच रेकॉर्डिंग. सौंदडसारख्या गावात हा विषय कशाला, असं कोणालाही वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

१) पाठाची सुरुवात

एका शनिवारी मी मोबाईल आणि छोटा स्पीकर घेऊन वर्गात गेलो. व्हायोलिनचा एक तुकडा मुलांना ऐकवला. दोन मिनिटं सगळे शांत होते. मग पाचवीतला एक मुलगा म्हणाला, "सर, हे आपलं नाही ना? हे तं इंग्रजांचं आहे."

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. सोमवारी मी दुसरी गोष्ट वाजवली, आकाशवाणीची जुनी सुरावट. रेडिओचं प्रसारण सुरू होण्याआधी वाजते ती. लगेच दोन-तीन हात वर झाले. "सर, हे आमच्या आजोबाच्या रेडिओवर वाजते!" मी विचारलं, "मग हे आपलं की इंग्रजांचं?" सगळे एका सुरात म्हणाले, "आपलं!"

आता खरी गोष्ट ऐका.

२) ही सुरावट कोणाची?

ही सुरावट वॉल्टर कॉफमन या संगीतकाराची मानली जाते. त्यांचा जन्म १९०७ साली बोहेमियातल्या कार्ल्सबाड गावी झाला. हा भाग आज झेक प्रजासत्ताकात आहे. ते ज्यू होते. जर्मनीत हिटलरची सत्ता आल्यावर, १९३४ साली, ते मुंबईला आले आणि १९४६ पर्यंत भारतात राहिले. मुंबईच्या रेडिओ केंद्रात त्यांनी पाश्चात्त्य संगीताचं काम पाहिलं. सुरावटीत मागे तंबोरा आहे आणि पुढे व्हायोलिन. ते व्हायोलिन मुंबईच्या मेहली मेहतांनी वाजवलं, असं सांगितलं जातं.

म्हणजे बोहेमियातून आलेला माणूस, मुंबईचा पारशी वादक आणि आपला तंबोरा. तिघांचं मिळून जे झालं ते आपण पिढ्यान् पिढ्या "आपलं" म्हणून ऐकत आलो. वर्गात हे सांगितल्यावर तो मुलगा थोडा वेळ विचारात पडला. मग म्हणाला, "म्हणजे ऐकलं की आपलं होते का सर?" मला वाटतं, आजच्या पाठाचा हाच गाभा आहे.

३) आधी शब्द समजून घेऊ

सिंफनी : साठ, ऐंशी, कधी शंभर वादकांनी मिळून वाजवायची मोठी रचना. त्या वादकांच्या समूहाला ऑर्केस्ट्रा म्हणतात आणि समोर उभं राहून तो चालवणाऱ्याला कंडक्टर, म्हणजे संचालक. सिंफनीचे बहुधा चार भाग असतात. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात जसे अंक असतात, तसं समजा.

चेंबर म्युझिक : घरातल्या खोलीत वाजवता येईल असं संगीत. तीन, चार, पाच वादक, प्रत्येकाचा सूर वेगळा. चौघांचं असेल तर त्याला क्वार्टेट म्हणतात. नेहमीच्या क्वार्टेटमध्ये दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो असतो. संचालक नसतो. चार शहाणी माणसं पारावर बसून बोलतात, एक बोलतो तेव्हा बाकीचे ऐकतात, तसंच हे.

रोमँटिक कालखंड : साधारण एकोणिसावं शतक. इथे रोमँटिकचा अर्थ सिनेमातल्या प्रेमापुरता नाही. मनातली भावना, निसर्ग, गावाची ओढ, लोकगीतं हे सगळं संगीतात मोकळेपणानं आलं. शूबर्ट, शूमान, ब्राम्स, चायकोव्स्की, द्वोर्झाक ही त्यातली काही नावं.

४) तबकडीचं गणित

या काळातले बहुतेक संगीतकार ध्वनिमुद्रणाचं तंत्र पसरण्याआधीच गेले. ब्राम्सला मात्र थोडी संधी मिळाली. १८८९ साली व्हिएन्नात त्यानं एडिसनच्या यंत्रासमोर पियानो वाजवला. ते ध्वनिमुद्रण आजही आहे, पण खरखरीतून सूर शोधावे लागतात.

आपल्याकडे १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांनी तबकडीसाठी गायन केलं. तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मावायची, म्हणून तासभर चालणारा राग त्यांना तेवढ्यात बसवावा लागला. शेवटी त्या स्वतःचं नाव सांगायच्या.

आता विचार करा, तीन-चार मिनिटांच्या तबकडीत सिंफनी कशी बसणार? हे गणित मी मुलांना सोडवायला दिलं.

*एक सिंफनी ४० मिनिटांची आहे. मोठ्या तबकडीच्या एका बाजूला ४ मिनिटं मावतात. किती तबकड्या लागतील?*

४० भागिले ४ म्हणजे १० बाजू. एका तबकडीला दोन बाजू, म्हणून ५ तबकड्या. दर चार मिनिटांनी उठायचं, तबकडी उलटायची, चावी द्यायची. सूर मध्येच तुटायचा, मग पुढची बाजू.

१९१३ साली बर्लिन फिलहार्मोनिकनं आर्थर निकिश यांच्या संचालनाखाली बीथोव्हेनची पाचवी सिंफनी मुद्रित केली. ती आठ बाजूंत बसली. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, सगळ्यांनी मोठ्या भोंग्यासमोर दाटीवाटीनं वाजवायचं. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला आणि आवाज सुधारला. १९४८ साली लाँग प्लेइंग तबकडी आली, एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त. अख्खी सिंफनी एका तबकडीत! १९८२ मध्ये सीडी आली, तिच्यात ७४ मिनिटं. आज सगळं मोबाईलमध्ये आहे. म्हणून ऐकणं सोपं झालं, पण लक्ष देऊन ऐकणं अवघड झालं.

५) मुंबईतलं एक घर

आता परत मेहली मेहतांकडे येऊ. त्यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा सुरू केला आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. १९३४ साली कॉफमन यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली होती, तिच्यातही ते वाजवत. त्यांच्या ऑर्केस्ट्रात पारशी होते, गोव्याचे ख्रिस्ती वादक होते. गोव्याच्या अशाच अनेक वादकांनी पुढे हिंदी सिनेमाच्या गाण्यांत व्हायोलिन वाजवलं. जुनी गाणी लागली की मागचे व्हायोलिन ऐका, ते आठवतील.

मेहलींचा मुलगा झुबिन. जन्म मुंबईत, १९३६ साली. घरात वडिलांचा सराव, क्वार्टेटच्या तालमी आणि तबकड्या. व्हिएन्ना किंवा बर्लिनचा ऑर्केस्ट्रा त्या मुलासाठी तबकडीतच होता. १९५४ साली अठराव्या वर्षी तो शिकायला व्हिएन्नाला गेला. तिथे मोठा ऑर्केस्ट्रा प्रत्यक्ष ऐकला आणि थक्क झाला. असाही आवाज असतो, हे तबकडीनं कधी पूर्ण सांगितलंच नव्हतं.

पुढे १९६५ साली याच झुबिन मेहतांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिक घेऊन ब्रुकनरची नववी सिंफनी डेक्का कंपनीसाठी मुद्रित केली. तबकड्या ऐकत वाढलेला मुलगा अकरा वर्षांत स्वतः तबकडी करणारा झाला. १९७८ ते १९९१ ते न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत संचालक होते.

मुंबईत राहूनही त्यांना हे संगीत मोठ्या प्रमाणात तबकडीतूनच मिळालं. मग सौंदडच्या मुलाला मोबाईलमधून मिळालं तर ते कमी कसं?

६) रेल्वेवेडा द्वोर्झाक

वर्गासाठी मी संगीतकार निवडला आंतोनिन द्वोर्झाक. कारण सांगतो. आपल्या सौंदडला रेल्वे स्टेशन आहे, गोंदिया-बल्लारशाह मार्गावरचं. मुलांना गाड्यांचं वेड. द्वोर्झाकलाही तेच वेड होतं! १८४१ साली तो बोहेमियातल्या एका खेड्यात जन्मला. वडील खाटीक होते, खानावळही चालवायचे. तो लहान असतानाच गावातून रेल्वे सुरू झाली. मोठा संगीतकार झाल्यावरही तो प्रागच्या स्टेशनवर इंजिनं बघायला जायचा.

१८९२ मध्ये तो न्यूयॉर्कला संगीत शिकवायला गेला. घर खूप मागे राहिलं. तिथे १८९३ साली त्यानं नववी सिंफनी लिहिली, "नव्या जगातून" या नावाची. १६ डिसेंबर १८९३ रोजी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकनं ती पहिल्यांदा वाजवली. हो, पुढे मेहता ज्याचे संचालक झाले तोच ऑर्केस्ट्रा. युरोपात ती पहिल्यांदा १८९४ साली कार्ल्सबाडला वाजली, म्हणजे आपल्या कॉफमन यांच्या गावी.

त्याच १८९३ च्या उन्हाळ्यात तो अमेरिकेतल्या स्पिलव्हिल या खेड्यात राहिला. तिथे त्याच्याच देशातून आलेली कुटुंबं राहत होती. आपल्या भाषेची माणसं भेटल्यावर त्यानं काही दिवसांतच एक क्वार्टेट लिहिलं. त्याला "अमेरिकन" क्वार्टेट म्हणतात. त्यात तिथल्या एका पक्ष्याची शीळही आहे.

७) वर्गातली कृती : एकच सूर, दोनदा

नवव्या सिंफनीचा दुसरा भाग संथ आहे. त्याला लार्गो म्हणतात. सुरुवातीला इंग्लिश हॉर्न नावाचं फुंकवाद्य एक साधी धून वाजवतं. हा भाग बहुतेक ध्वनिमुद्रणांत ११ ते १३ मिनिटांत संपतो. पण लेनर्ड बर्नस्टाइन यांनी १९८६ मध्ये इस्रायल फिलहार्मोनिकबरोबर जे मुद्रण केलं, त्यात त्याला १८ मिनिटांहून जास्त लागतात. कागदावरचे सूर तेच. मग वेळ का वेगळा?

मी दोन्हींची सुरुवातीची चार-चार मिनिटं ऐकवली. नियम तीनच :

१. डोळे मिटायचे, बोलायचं नाही.
२. ऐकून झाल्यावर एकच वाक्य लिहायचं.
३. कोणाचंही वाक्य चूक नाही.

कोणी लिहिलं, "पहिल्यात माणूस चालत आहे, दुसऱ्यात थकला आहे." कोणी लिहिलं, "दुसऱ्यात गाडी स्टेशनवर उभी आहे." एका मुलीचे वडील कामासाठी हैदराबादकडे गेलेले. ती वर्गात फारशी बोलत नाही. तिनं लिहिलं, "बाबा फोनवर बोलत नाही, नुसते हो हो म्हणते, तसं वाटते."

मी ते वाक्य दोनदा वाचलं. द्वोर्झाक घरापासून दूर होता, हे मी तोवर वर्गात सांगितलंच नव्हतं.

शिक्षक मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच. पोर गरीब आहे, खेड्यातलं आहे, म्हणून त्याला हे कळणार नाही, असं आपण आधीच ठरवून टाकतो. कळायला काही लागत नाही. दोनदा ऐकवायला मात्र लागतं. एकदा ऐकलं की नवलाई असते, दुसऱ्यांदा ऐकलं की फरक कळतो. फरक कळला की ऐकणं सुरू झालं.

८) एक गोष्ट विसरू नका

ध्वनिमुद्रण म्हणजे प्रत्यक्ष संगीत नव्हे. झुबिन मेहतांना व्हिएन्नात जे वाटलं ते आठवा. दिवाळीनंतर मंडईत दंडार बघणं आणि मोबाईलवर दंडार बघणं यात जेवढा फरक, तेवढाच हा. मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. कधी मुंबईला जाणं झालं आणि जमलं, तर जरूर ऐका. तोवर हे दार उघडं आहे.

स्वाध्याय

१. सिंफनी आणि क्वार्टेट यांतले दोन फरक लिहा.
२. एक सिंफनी ४८ मिनिटांची आहे. एका बाजूला ४ मिनिटं मावतात. किती तबकड्या लागतील?
३. आकाशवाणीची सुरावट ऐका. त्यात कोणती वाद्यं ओळखू येतात?
४. आजी-आजोबांना एक जुनं गाणं म्हणायला सांगा आणि घरच्या मोबाईलवर मुद्रित करा. आठ दिवसांनी तेच गाणं पुन्हा मुद्रित करा. दोन्हींत काय बदललं ते तीन वाक्यांत लिहा.

चौथा प्रश्न नक्की करा. आमच्या वर्गात त्या मुलीनं आजीच्या आवाजातलं जात्यावरचं गाणं आणलं, आणि वर्गासमोर उभी राहून ते स्वतः लावून दाखवलं.

हा पाठ तुमच्या वर्गात घेतला तर मुलांची वाक्यं जपून ठेवा.