उंचीआधी मज्जारज्जूची जागा

वसमत, जि. हिंगोली

चि. पुतणीस,

जनुकीय खुजेपणातील पाठीच्या कण्याचे दोष हा विषय संशोधनासाठी निवडणाऱ्याने प्रथम ध्यानात घ्यावे की, उंची चटकन दिसते व सहज मोजता येते, परंतु रुग्णाच्या जिवावर बेतते ते मज्जारज्जूला जागा अपुरी पडल्यामुळे. म्हणून अभ्यासाचा रोख त्या जागेवर असावा.

अकॉन्ड्रोप्लेझिया या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराचे जनुकीय कारण १९९४ मध्ये उघड झाले. एफजीएफआर-३ या जनुकापासून घडणारे प्रथिन कूर्चेच्या, म्हणजे हाडाआधीच्या मऊ ऊतीच्या, वाढीला आवर घालते; त्यात ३८० व्या स्थानी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन आले की तो आवर अतिरेकी होतो, मणक्याचा पुढचा भाग व मागची कमान यांमधील कूर्चा अकाली हाडात बदलते आणि मज्जारज्जूची नळी अरुंद राहते. तान्ह्या मुलात कवटीच्या तळाचे छिद्र लहान राहिल्याने श्वासाला धोका संभवतो, तर प्रौढपणी कमरेतील नळीच्या अरुंदपणामुळे चालताना पाय बधिर होतात.

मॉर्कियो-ए या खुजेपणाच्याच दुसऱ्या विकारात मात्र जीएएलएनएस जनुकातील दोषामुळे केराटन सल्फेट हा पदार्थ पेशींत साठतो, मानेच्या दुसऱ्या मणक्याचा दातासारखा उंचवटा खुरटतो आणि मान अस्थिर होऊन मज्जारज्जू दबू शकतो. त्यामुळे एका विकारातील निष्कर्ष दुसऱ्याला लावू नये.

आनुवंशिकतेचा विचारही वेगवेगळा करावा. पहिल्या विकारात जनुकाची एकच सदोष प्रत पुरते व सुमारे ८० टक्के मुलांत हा बदल नव्यानेच घडलेला असतो. दुसऱ्यात सदोष प्रती आई व वडील अशा दोघांकडून येतात. मराठवाड्यात मामा-भाची व आते-मामे भावंडांची लग्ने होत आली असल्याने नात्यातील लग्नाचा प्रश्न दुसऱ्या विकारात अर्थपूर्ण ठरतो. पहिल्यात तोच प्रश्न आईच्या माथी विनाकारण दोष मारतो. म्हणून जनुकतपासणीने निदान पक्के झाल्याखेरीज वंशावळीचा अर्थ लावू नये.

अकॉन्ड्रोप्लेझियावरील व्होसोरिटाइड या औषधाला २०२१ मध्ये मान्यता मिळाली व त्याने उंचीवाढीचा वेग वाढतो. तथापि उंची वाढली म्हणून नळीही रुंदावली असे गृहीत न धरता ती स्वतंत्रपणे मोजावी. २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखाली मुंबईचे केईएम रुग्णालय अशा आजारांसाठी उत्कृष्टता केंद्र ठरले आहे. वसमतसारख्या गावातून इतक्या दूर तपासणीला जाणाऱ्या कुटुंबाच्या हाती निष्कर्ष सोप्या मराठीत लिहून द्यावा, आणि मान व श्वास यांबाबत घ्यायची काळजी त्यात सर्वांत आधी नमूद करावी.

काकांचे आशीर्वाद.