एका क्षणाची किंमत

प्रस्तावना
वाहन चालवताना भ्रमणध्वनीवर संदेश वाचणे किंवा लिहिणे ही सवय वरवर पाहता क्षुल्लक वाटते. परंतु ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन पाच सेकंदांत सुमारे ८३ मीटर अंतर कापते. नजर पडद्यावर असेल, तर तेवढा रस्ता चालक न पाहताच ओलांडतो. हा धोका तरुणांना पटवून देण्यासाठी एका माहितीपटाने कोणती तंत्रे वापरली, याचा परिचय या पाठात करून दिला आहे.

मूलपाठ
जर्मन दिग्दर्शक वेर्नर हेरझॉग यांनी २०१३ मध्ये ‘फ्रॉम वन सेकंड टू द नेक्स्ट’ हा सुमारे ३५ मिनिटांचा माहितीपट तयार केला. अमेरिकेतील दूरध्वनी कंपन्यांच्या जनजागृती मोहिमेसाठी तो बनवला गेला आणि तेथील हजारो शाळांना देण्यात आला. त्यात चार अपघातांची हकिकत आहे.

पहिल्या हकिकतीत एक तरुणी धाकट्या भावाचा हात धरून रस्ता ओलांडत होती. मोटारीच्या धडकेने भाऊ दूर फेकला गेला आणि तिच्या हातात काहीच उरले नाही. कॅमेरा तिचा तो रिकामा हात दाखवतो. मुलगा वाचला, पण त्याचे शरीर लुळे पडले आणि श्वासासाठीही त्याला यंत्राचा आधार घ्यावा लागला.

रक्त आणि छिन्नविच्छिन्न देह दाखवून भीती निर्माण करण्याचा मार्ग हेरझॉग यांनी टाळला. भीषण दृश्य पाहताना प्रेक्षक नजर वळवतो. याउलट, रिकाम्या हाताकडे पाहताना तो हरवलेल्या व्यक्तीची कल्पना स्वतःच करू लागतो. यालाच सूचकता म्हणतात.

दुसरे तंत्र मुलाखतीचे आहे. येथे पीडितांबरोबर अपघातास कारणीभूत ठरलेले चालकही बोलतात. यूटा राज्यात २००६ मध्ये एका १९ वर्षांच्या तरुणाच्या चुकीमुळे दोन शास्त्रज्ञांचा मृत्यू झाला. इंडियाना राज्यात पत्नीला प्रेमाचा संदेश पाठवणाऱ्या चालकाचे वाहन आमिश पंथीयांच्या घोडागाडीवर आदळले आणि एकाच कुटुंबातील तीन मुले दगावली. त्या कुटुंबाने चालकाला क्षमा केली. तरीही त्याच्या मनावरचे ओझे उतरले नाही. हे चालक क्रूर नाहीत, सामान्य माणसे आहेत. त्यामुळे ‘हे माझ्याही हातून घडू शकते’ ही जाणीव प्रेक्षकाला होते.

तिसरे तंत्र मौनाचे आहे. बोलणारी व्यक्ती थांबली, तरी कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून लगेच हटत नाही. शब्दांत न मावणारे दुःख त्या शांततेत व्यक्त होते.

भारतातही मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, वाहन चालवताना हातात धरलेल्या भ्रमणध्वनीचा वापर धोकादायक वाहनचालनात समाविष्ट झाला. कायदा शिक्षा देऊ शकतो. गेलेला क्षण मात्र परत आणू शकत नाही.

शब्दार्थ
हकिकत – घडलेली घटना, वृत्तांत
सूचकता – थेट न सांगता अर्थ जाणवून देणे
दगावणे – मृत्यू पावणे

पाठगत प्रश्न
१. माहितीपटात रिकामा हात का दाखवला आहे?
२. चालकांच्या मुलाखतींमुळे कोणता परिणाम साधतो?
३. तुमच्या परिसरातील वाहनचालकांसाठी सुरक्षिततेचा संदेश देणारे एक दृश्य पाच वाक्यांत लिहा. त्यात अपघात दाखवू नका.