सीबीजीची बाटली आणि आयएनआरचा आकडा

आमच्या केळव्याच्या आत्याच्या हृदयात कृत्रिम मायट्रल झडप आहे. ती बसवल्यापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोजची आणि आयएनआरची, म्हणजे रक्त किती सावकाश गोठतं त्याची, तपासणीही ठरलेली. अशा रुग्णाचा आयएनआर साधारण २.५ ते ३.५ मध्ये असावा लागतो. मागच्या पावसाळ्यात तिचा ५ च्या वर गेला. दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होतं, दंडावर जांभळे डाग पडले होते. वाडीत झावळ्या ओढताना लागलं असेल, असं समजून तिने कुणाला सांगितलंच नाही. डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या तपासल्या, त्या जुन्याच होत्या. "आणखी काही घेता का?" असं विचारल्यावर म्हणाली, "औषध नाही हो, गुडघ्यांसाठी एक आयुर्वेदिक तेल घेते जिभेखाली."

मोबाईलवरच्या जाहिरातीतून मागवलेलं ते तेल म्हणजे सीबीजी असलेला विजयाचा अर्क. विजया म्हणजे भांग. कंपनीच्या डॉक्टरांनी फोनवर वय विचारलं, दुखणं विचारलं आणि चिठ्ठी पाठवली. चालू गोळ्यांचा विषय निघालाच नाही.

मी तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्यूसीमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणीत आहे, त्यामुळे बाटली आली माझ्याकडे. आधी सीबीजी, म्हणजे भांगेच्या झाडातल्या एका घटकाबद्दल. इस्रायलमध्ये गाओनी आणि मेकूलम या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ते वेगळं काढलं. झाडात आधी सीबीजीचं आम्ल तयार होतं आणि त्यातूनच पुढे नशा आणणारं टीएचसी, सीबीडी वगैरे इतर घटकांची आम्लं बनतात. झाड तयार होईपर्यंत सीबीजी बहुतेक संपलेलं असतं, म्हणून ते महाग. त्याने नशा येत नाही. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात २०२० मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या एमआरएसए जंतूंवर ते उंदरांमध्ये चाललं. आतड्याच्या सुजेवरही उंदरांमध्ये फरक दिसला. माणसांवर म्हणाल, तर २०२४ मध्ये अमेरिकेत ३४ निरोगी लोकांना २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, त्यांची चिंता काहीशी कमी झाली. ही सगळी मंडळी गांजा वापरून सरावलेली होती. इथेच घोडं पेंड खातं. सत्तरीच्या बाईच्या झिजलेल्या गुडघ्यांवर या ३४ जणांवरून काय सांगणार? तरी जाहिरातीत सांधे, झोप, मधुमेह, सगळं होतं.

तेलात नुसतं सीबीजी असतं तरी एक वेळ वेगळा विचार केला असता. त्यात सीबीडीच जास्त होतं. यकृतातलं सीवायपी२सी९ हे एन्झाइम रक्त पातळ करणारी गोळी मोडतं आणि सीबीडी त्याचा वेग मंदावतं. गोळी तेवढीच, पण ती शरीरात साठत जाते. वॉरफेरिन ही अशीच गोळी घेणाऱ्या एका रुग्णाला मिरगीसाठी सीबीडी सुरू केल्यावर वॉरफेरिन सुमारे ३० टक्के कमी करावं लागल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. आत्याचा आकडा तेलानेच चढला, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण तेल बंद झालं, डॉक्टरांनी गोळी जुळवली आणि आकडा खाली आला. घरी कुणाला असं झालं तर तेल थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रक्ताची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, झडपेवर गुठळी धरली तर ते रक्तस्रावाइतकंच वाईट. मिरगीचं क्लोबाझम किंवा व्हॅलप्रोएट घेणाऱ्यांनीही असं तेल घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. पहिल्याची गुंगी सीबीडीमुळे वाढते, दुसऱ्यासोबत यकृतावर ताण येतो.

आता कागद. कंपनीकडून सीओए, म्हणजे तपासणीचा दाखला मागून घेतला. बाटलीवरचा बॅच नंबर एक, दाखल्यावरचा दुसरा. आमच्याकडे असा माल गेटबाहेर जात नाही. दाखल्यात सीबीजीची टक्केवारी ठळक छापलेली, टीएचसीपुढे नुसतं 'एनडी', म्हणजे सापडलं नाही. पण किती बारीक प्रमाण यंत्राला दिसतं, ती मर्यादा लिहिलेलीच नव्हती. जड धातू, कीटकनाशकं, उरलेलं सॉल्व्हंट, यांच्या ओळीच गायब. भांगेचं झाड जमिनीतले धातू ओढून घेतं. २०१८ च्या औद्योगिक प्रदूषणाच्या यादीत तारापूर देशात पहिलं होतं, तेव्हा जमिनीत काय उतरतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. या ओळी नसतील तर बाटली परत करावी.

कायद्याचंही थोडं. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं आणि बिया त्यात मोडत नाहीत, म्हणून पानांचा अर्क आयुर्वेदिक परवान्यावर विकला जातो. भांग औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टात आहे, त्यामुळे 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' हा इशारा लेबलवर लागतोच. आत्याच्या बाटलीवर तो होता, पण भिंग लावून वाचावा इतका बारीक. किराण्यात मिळणारं हेम्प बियांचं तेल वेगळं. एफएसएसएआयने २०२१ मध्ये त्याला अन्न म्हणून मान्यता दिली आणि त्यात सीबीजी जवळपास नसतंच. त्यावर 'सीबीजीचे फायदे' छापले असतील तर पैसे वाचवा. गांजा आणून घरी तेल काढायचा उद्योग तर सरळ गुन्हा आहे. आखाती देशांत नोकरीला निघालेल्यांनी ही बाटली बॅगेत टाकूच नये, आणि जिथे लघवीची तपासणी होते तिथल्या कामगारांनीही विचार करावा. अर्कात टीएचसीचा अंश असला तर तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते.

आत्याची बाटली मी टाकून दिली नाही. बॅच नंबरासकट फोटो काढले, गोळ्यांची यादी आणि आयएनआरचे कागद एका फाइलीत लावले. औषधाचा त्रास झाला तर रुग्णाला किंवा घरच्यांनाही तो कळवता येतो. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाचा १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री क्रमांक त्यासाठीच आहे. फोन करताना चिठ्ठी आणि बाटली समोर ठेवा. बॅच नंबर, तेल कधी सुरू केलं, कधी थांबवलं आणि सोबत कोणत्या गोळ्या होत्या, एवढं नीट सांगता आलं की झालं.