बास्केटबॉल : शाळेतला खेळाडू विद्यापीठाच्या संघापर्यंत पोहोचेल का?

सातारा व सांगलीतील बहुतेक महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाला संलग्न आहेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून पुढे आलेले खेळाडू विद्यापीठाकडून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतात. तिथे गाठ वीस-बावीस वर्षांच्या मुलांशी पडते, त्यामुळे दहावीतल्या खेळाडूची तुलना त्याच्या वर्गमित्रांशी करून भागत नाही.

रिंग 3.05 मीटर उंचीवर असते, म्हणून उंचीचा फायदा खराच. तरी तिच्यावर विसंबून चालत नाही. शाळेत सेंटरला खेळणाऱ्या सहा फुटी मुलाला पुढे बहुधा गार्ड व्हावे लागते आणि तेव्हा डाव्या हाताचे ड्रिबलिंग व लांबून मारलेला शॉट कामी येतो. शेवटच्या क्वार्टरमधले फ्री थ्रो आवर्जून पाहावेत. दमलेला मुलगा गुडघे न वाकवता नुसत्या हातांनी चेंडू ढकलतो, तो रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतो. हा दोष सरावाने जातो. चेंडू गमावल्यावर बचावासाठी मागे न धावण्याची सवय मात्र सहजी सुटत नाही. गुणफलकापेक्षा तिच्याकडे अधिक लक्ष द्यावे.

17 आणि 19 वर्षांखालील शालेय स्पर्धांची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. क्रीडा कोट्यातील प्रवेशाच्या वेळी तीच मागितली जातात.