ई-पुस्तकाची अनुक्रमणिका
(तृतीय वर्ष, कला)

पुस्तक हाती घेतले की आपली नजर प्रथम अनुक्रमणिकेकडे वळते. कोणते प्रकरण आधी वाचावे, कोणते मागे ठेवावे, हे आपण तिच्यावरूनच ठरवतो. ई-पुस्तक तयार करताना मात्र तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. मीही दिले नव्हते.

गेल्या वर्षी मी महात्मा फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथाचे ई-पुस्तक हौसेने तयार केले. छापील प्रतीप्रमाणे अनुक्रमणिका टंकली. प्रत्येक प्रकरणापुढे ठिपक्यांची रांग आणि पृष्ठांक दिला. पडद्यावर ती मोठी सुबक दिसत होती. हे पुस्तक मी माझ्या एका दृष्टिहीन वर्गमित्राला दिले. तो मोबाईलवर पुस्तके ऐकतो. परीक्षा चार दिवसांवर आली होती. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "अरे, मला पाचवे प्रकरण हवे होते. तुझी अनुक्रमणिका नुसती 'डॉट, डॉट' करते आणि पानाचा आकडा सांगते. पण ते पान आहे कुठे?" मी निरुत्तर झालो.

छापील पुस्तकात पान कायम असते. ई-पुस्तकात वाचकाने अक्षर मोठे केले की मजकूर पुढे सरकतो. मोबाईलवरचे विसावे पान संगणकावर आठवेही असू शकेल. म्हणून तेथे ठिपके व पृष्ठांक निरर्थक होत. तेथे हवा असतो दुवा; बोट टेकवताच त्या प्रकरणावर नेणारा.

'ईपब' प्रकारचे ई-पुस्तक म्हणजे एचटीएमएल पानांचे गाठोडेच. त्यात प्रकरणाचे नाव नुसते ठळक करून भागत नाही. डोळ्यांना ते शीर्षक दिसते, यंत्राला मात्र साधी ओळ वाटते. त्यास 'हेडिंग १' व पोटभागास 'हेडिंग २' अशी श्रेणी द्यावी. मग 'सिजिल' किंवा 'कॅलिबर' यांसारख्या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये त्या शीर्षकांवरून दुव्यांसह अनुक्रमणिका तयार करता येते. २०११ साली आलेल्या ईपब ३ मध्ये तिच्यासाठी 'नॅव्ह' नावाचे स्वतंत्र पान असते. वाचनाच्या ॲपच्या मेनूत तीच यादी दिसते आणि हवे असल्यास ते पान पुस्तकाच्या आरंभीही ठेवता येते.

आता सजावटीविषयी. मेनूतील यादीचे रूप ॲप ठरवते. आपली सीएसएसची सजावट पुस्तकातील पानापुरतीच चालते. तेथे मी मोजकीच पथ्ये पाळली. यादीला आपोआप येणारे आकडे काढले, नाहीतर '१. प्रकरण १' अशी द्विरुक्ती होते. समासाचे माप पिक्सेलऐवजी 'एम'मध्ये दिले, म्हणजे अक्षराबरोबर तोही वाढतो. ओळींतील अंतर दीडपट ठेवले, त्यामुळे वरखालच्या मात्रांना आणि बोटालाही जागा मिळते. फुल्यांची शीर्षके लांबलचक आहेत. ती छाटण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मला वाटते. म्हणून प्रत्येक शीर्षकाची दुसरी ओळ किंचित आत घेतली. नवे प्रकरण कोठे सुरू होते ते चटकन कळते.

सुधारलेली प्रत मित्राला दिली. 'प्रकरण पाचवे' हे शब्द ऐकताच त्याने पडद्यावर दोनदा टिचकी मारली आणि वाचन सुरू झाले. जुने ग्रंथ ई-रूपात आणू इच्छिणाऱ्या मित्रमैत्रिणींनी आपल्या अनुक्रमणिकेचा प्रत्येक दुवा एकदा डोळे मिटून तपासावा, एवढीच विनंती.