घरगुती जाळ्यावरून ध्वनिमुद्रणांची प्रत करताना

बोलीच्या क्षेत्राभ्यासातील शंभर तासांचे मोनो, असंपीडित ध्वनिमुद्रण (४८ किलोहर्ट्झ, १६ बिट) साधारणतः ३५ गिगाबाइट भरते. घरातील एका संगणकावरून दुसऱ्यावर ते नेण्यास विलंब लागला, की विद्यार्थी इंटरनेट सेवेला दोष देतात. वास्तविक ही प्रत राउटरच्या पलीकडे जातच नाही.

प्रथम 'बिट' आणि 'बाइट' हा भेद लक्षात घ्यावा. एका स्वराने अर्थ बदलतो, आणि येथे तो आठपट बदलतो! १०० मेगाबिटांच्या जोडणीतून सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट जातात. तेव्हा ३५ गिगाबाइटांना पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ लागणे हा बिघाड नव्हे.

त्याहून पुष्कळच वेळ लागत असेल, तर दोन्ही संगणक केबलने राउटरला जोडून पाहावेत. शनिवार पेठेतील जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींपलीकडे वाय-फायचा संकेत, विशेषतः ५ गिगाहर्ट्झचा, क्षीण होऊनच पोहोचतो. गिगाबिट राउटर असूनही केबलवरील वेग १०० मेगाबिटांवरच अडत असेल, तर आतील एखादी तार तुटल्याचा संभव असतो. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, शंभराला दोन पुरतात. हजारो छोट्या फाइली मात्र उत्तम केबलवरही रेंगाळतात. त्यांची एकच झिप फाइल करावी.

'कट' करून फाइली कधीही हलवू नयेत. वृद्ध निवेदकाची मुलाखत पुन्हा मिळेलच असे नाही. प्रत करावी, ती ऐकून पाहावी, मगच मूळ पुसावे.

स्वाध्याय : आपल्या मुद्रणांचा एकूण आकार नोंदवून १०० मेगाबिटांच्या जोडणीवर लागणारा किमान वेळ काढा.